तापलेले इंजिन, तहानलेला मुलूख : मोटारीच्या पाण्याचा इतिहास आणि जालना

#धागा

१/
इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा आतल्या वायूचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. बीड सुमारे १,२०० अंशांना वितळते आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना. म्हणजे मोटारीचे इंजिन ही स्वतःलाच वितळवू शकेल अशी भट्टी आहे. ती वितळत नाही याचे श्रेय सिलिंडरच्या भिंतीपलीकडून वाहणाऱ्या पाण्याला जाते. या पाण्याचे तापमान माणसाने टप्प्याटप्प्याने कसे काबूत आणले आणि जालन्यासारख्या कोरड्या मुलखात या प्रश्नाला कोणते वळण मिळाले, त्याचा हा धागा.

२/
आधी हिशेब पाहू. जुन्या मोटारींत इंधनातील उष्णतेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा कामाला येई. उरलेल्यातला मोठा वाटा धुराबरोबर बाहेर जाई आणि दुसरा मोठा वाटा पाण्यात उतरे. ढोबळमानाने बोलायचे तर इंजिन जेवढी शक्ती चाकांना देते, साधारण तेवढीच उष्णता पाण्याला देते. २० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात चालले की पाण्यात सुमारे १५ किलोवॉट उष्णता ओतली जाते. घरातल्या सात-आठ मोठ्या गिझरांनी एकाच वेळी पाणी तापवावे, तसा हा प्रकार.

३/
आता स्थळ. जालना शहर कुंडलिका नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर वसले आहे. खाली काळा बसाल्ट. वर्षाचा पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यातल्या पहाटे तो १० अंशांच्या जवळपास उतरतो. ‘जालना सोने का पालना’ असे या बाजारपेठेचे वर्णन पूर्वापार केले जाते. मात्र सोन्याच्या या पाळण्यात पाणी नेहमीच मोजून आले.

४/
या भागातल्या वाहतुकीचा इतिहास पाण्याभोवतीच फिरतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदन तालुक्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांचे सैन्य आणि आर्थर वेलस्लीचे इंग्रज सैन्य भिडले, तेव्हा रणभूमी होती केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधली. हजारो बैल-घोडे बाळगणाऱ्या फौजेला पाण्यापासून दूर तळ ठोकणे परवडत नसे. पुढे १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना मार्गे सिकंदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे आली. तिच्या वाफेच्या इंजिनांनाही ठरावीक अंतरावर पाण्याची टाकी लागेच. मोटार आली ती बैल, घोडे आणि आगगाडी यांच्यामागून, चौथे तहानलेले वाहन म्हणून.

५/
पहिली मोटार तर अक्षरशः पाणी पीत असे. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत इंजिनाभोवतीचे पाणी सरळ उकळू दिले जाई आणि वाफ हवेत सोडली जाई. तत्त्व मातीच्या माठाचेच : पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जाते. १ लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी लागतात, पण तेच पाणी पूर्ण वाफ व्हायला आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी खाते. म्हणजे उकळून जाणारे पाणी नुसत्या तापणाऱ्या पाण्याच्या जवळजवळ आठपट काम करते.

६/
या पद्धतीचा एक अनपेक्षित गुण असा की तापमान आपोआप स्थिर राहते. पाणी उकळत असेतोवर ते १०० अंशांच्या वर जात नाही. पण किंमत मोठी. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला, सुमारे १०० किलोमीटर, मोटारीने गेल्या. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. वाटेत इंजिनासाठी त्यांना पुन्हा पुन्हा पाणी घ्यावे लागले. तेही इंजिन अगदी कमी ताकदीचे असताना.

७/
हाच हिशेब जालन्याला लावून पाहावा. १५ किलोवॉट उष्णता केवळ वाफेवाटे घालवायची तर ताशी सुमारे २४ लिटर पाणी लागते. जालना ते औरंगाबाद हे अंतर ६० किलोमीटर. ताशी ३० च्या वेगाने दोन तास. पूर्ण ताकदीने चाललेले इंजिन तेवढ्या वेळात ४८ लिटर, म्हणजे तीन-चार घागरी पाणी हवेत उडवील. मे महिन्यात, आटलेल्या विहिरींच्या मुलखात, गावकऱ्यांच्या ओढून आणलेल्या पाण्यातून. अशी मोटार या प्रदेशात टिकणे शक्य नव्हते. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरण्याची युक्ती निघणे भाग होते.

८/
ती युक्ती म्हणजे रेडिएटर. पातळ नळ्यांतून गरम पाणी फिरवायचे, नळ्यांवरून वारा जाऊ द्यायचा आणि थंड झालेले पाणी परत इंजिनात आणायचे. डाइमलर कंपनीच्या विल्हेल्म मायबाखने १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकत्र डाखलेल्या आणि मागे एक पंखा. अवघ्या ९ लिटर पाण्यावर ही गाडी चाले. मोटार आणि तिचे पाणी यांचा हा पहिला मोठा तह होय.

९/
आता पाणी फिरवायचे कोणी? सर्वांत स्वस्त उत्तर : कोणीच नाही. मराठी घरांतला तांब्याचा बंब आठवावा. मधल्या नळकांड्यात निखारे, भोवती पाणी. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी खाली उतरते. याच तत्त्वावर थर्मोसायफन चालतो. इंजिनातले गरम पाणी वरच्या जाड नळीने रेडिएटरच्या माथ्यावर जाते, निवत निवत तळाशी येते आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनात शिरते. पंप नाही, पट्टा नाही, तुटण्यासारखे काहीच नाही.

१०/
१९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने बनलेली फोर्ड मॉडेल टी याच तत्त्वावर चाले. तिच्या पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांत पाण्याचा पंप होता. नंतर फोर्डने तो काढूनच टाकला. थर्मोसायफनला थोडी उपजत शिस्तही असते : इंजिन जितके तापेल तितके पाणी जोराने फिरते, इंजिन गार असेल तर पाणी जवळजवळ स्थिर राहते. तापमान राखण्याचे काम निसर्गच काही अंशी करतो.

११/
पण या पद्धतीची एक दुखरी नस होती आणि उष्ण मुलखात ती फार लवकर उघडी पडे. रेडिएटरमधले पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेले की पाण्याची साखळी तुटते. मग तळाशी कितीही पाणी शिल्लक असो, ते फिरतच नाही. म्हणजे पाणी निम्मे संपले म्हणून थंडावा निम्मा होत नाही. दोन-तीन लिटर कमी होताच तो एकदम संपतो. म्हणूनच जुन्या मोटारींत पाण्याचा डबा हा सुटे चाक आणि हवेचा पंप यांच्याइतकाच आवश्यक सामानाचा भाग होता.

१२/
इंजिने मोठी झाली तसा पाण्याचा पंप परत आला. पंपाने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा उभा केला. पंप विचार करीत नाही. इंजिन पेटल्याच्या पहिल्या क्षणापासून तो पाणी रेडिएटरमध्ये ढकलू लागतो, मग बाहेर मे महिन्याची दुपार असो की डिसेंबरची पहाट. त्यामुळे इंजिन तापायला फार वेळ लागे. आणि थंड इंजिन हा तापलेल्या इंजिनाइतकाच खरा शत्रू आहे, हे हळूहळू ध्यानात येऊ लागले.

१३/
थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही. त्याचे थेंब भिंतीवरचे वंगण धुऊन टाकतात, खाली ओघळून तेलात मिसळतात आणि तेल पातळ करतात. शिवाय जळणातून निर्माण होणारी पाण्याची वाफ थंड भिंतीवर दवासारखी जमते, तिच्यात आम्ले विरघळतात आणि लोखंड गंजते. १९३० च्या दशकात ब्रिटनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाईल इंजिनिअर्स या संस्थेसाठी सी. जी. विल्यम्स यांनी केलेल्या संशोधनाने हे ठळकपणे दाखवले : सिलिंडरची झीज घर्षणाइतकीच, काही वेळा त्याहून अधिक, थंडीत होणाऱ्या या गंजण्याने होते.

१४/
म्हणजे प्रश्न ‘इंजिन थंड कसे ठेवावे’ असा उरलाच नाही. तो ‘इंजिन योग्य तेवढे गरम कसे ठेवावे’ असा झाला. पाणी साधारण ७५ ते ९० अंशांच्या दरम्यान हवे. याखाली झीज, यावर उकळी. हा अरुंद पट्टा राखण्याचे काम सुरुवातीला चालकावर पडले. त्यासाठी त्याला दोन गोष्टी लागत : पाहण्यासाठी डोळा आणि बदलण्यासाठी हात.

१५/
डोळा दिला बॉइस मोटोमीटरने. १९१० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत आलेले हे उपकरण म्हणजे रेडिएटरच्या टोपणावर उभा केलेला काचेचा तापमापक. लाल द्रवाची रेघ चालकाला बसल्या जागेवरून दिसे. गंमत अशी की तो पाण्यात बुडत नसे, पाण्यावरच्या वाफेचे तापमान सांगे. त्यामुळे पाणी फार खाली गेले तर त्याच्या निरोपावर विसंबता येत नसे. मोटारींच्या जुन्या छायाचित्रांत बॉनेटच्या टोकावर दिसणारी गोल चकती पुष्कळदा हीच असते. १९३० च्या सुमारास तापमानाचा काटा चालकासमोरच्या फळीवर आला आणि मोटोमीटर मागे पडले.

१६/
हात दिला झडपांनी. रेडिएटरच्या पुढे खिडकीच्या पट्ट्यांसारख्या उभ्या झडपा बसवत. त्या मिटल्या की वारा अडे आणि पाणी लवकर तापे, उघडल्या की गारवा. ज्यांना झडपा परवडत नसत ते थंड देशांत रेडिएटरवर कातड्याचे किंवा कॅनव्हासचे पांघरूण बांधत. १९३० च्या दशकातील रोल्स-रॉईस आणि पॅकार्डसारख्या भारी गाड्यांत या झडपा तापमानानुसार आपोआप उघडझाप करू लागल्या. साध्या गाडीचा मालक मात्र पुठ्ठा किंवा गोणपाट लावून तेच काम साधून घेई.

१७/
डोळा आणि हात या दोघांनाही रजा देणारी गोष्ट मात्र एका हवामान निरीक्षकाकडून आली. अमेरिकेतील नॉक्सव्हिल येथे वेदर ब्युरोत काम करणाऱ्या वेस्टन फुल्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी धातूचा, सांधा नसलेला, पन्हळी भाता तयार केला. लोहाराचा भाता हवा भरली की फुगतो, हा भाता उष्णतेने फुगे. त्यात लवकर वाफ होणारा द्रव बंद केलेला असे. द्रव तापला की आतला दाब वाढे, भाता लांबे आणि त्याला जोडलेली झडप उघडे. इंजिनाच्या पाण्याला राखणदार मिळाला तो असा.

१८/
या राखणदाराचे नाव थर्मोस्टॅट. १९१४ च्या शरदात जाहीर झालेल्या कॅडिलॅकच्या आठ सिलिंडरी गाडीने तो मोटारींत प्रतिष्ठित केला. काम अगदी सोपे : इंजिन गार असताना रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवायची, म्हणजे थोडेसेच पाणी इंजिनापुरते फिरून झटपट तापते. ठरलेला अंश गाठला की वाट उघडायची. गाडी घाट चढू लागली की झडप अधिक उघडते, उतार लागला की आवळते. पुढल्या दोन दशकांत तो महागड्या गाड्यांतून साध्या गाड्यांत उतरला.

१९/
हैदराबाद संस्थानात मोटारीचा दिमाख मोठा. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट ऑगस्ट १९११ मधील त्यांच्या निधनानंतर संस्थानात पोहोचली आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या वाट्याला आली. सिंहासनाची बैठक असलेली ही पिवळी गाडी आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. मिरवणुकीची गाडी पाण्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण. हत्ती-घोड्यांच्या चालीने सरकताना रेडिएटरला वारा लागत नाही आणि सगळा भार एकट्या पंख्यावर येतो. धावत्या गाडीपेक्षा रेंगाळणारी गाडी लवकर उकळते, हे राजालाही चुकले नाही.

२०/
सामान्य माणसाला मोटार भेटली ती बसच्या रूपाने. जून १९३२ मध्ये निजामाच्या सरकारी रेल्वेने २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी रस्तावाहतूक खाते सुरू केले. पुढील वर्षांत ते संस्थानभर पसरले आणि मराठवाड्यातही पोहोचले. इकडे मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला गाड्या जुळवायला आरंभ केला होता. त्यामुळे शेवरोलेच्या सांगाड्यावर लाकडी टप चढवून खासगी बस किंवा मालमोटार चालवणे व्यापाऱ्यांच्या आवाक्यात येत चालले.

२१/
या काळात चालकाइतकाच महत्त्वाचा माणूस होता क्लीनर. गाडी थांबली की डबा घेऊन विहिरीकडे धावायचे, टोपणावर ओले पोते टाकून ते जरा सैल करायचे, वाफ सुसकारून गेली की मगच उघडायचे. घाई केली तर उकळते पाणी तोंडावर. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतायचे नाही, नाहीतर ब्लॉक तडकतो. इंजिन सुरू ठेवून, बारीक धारेने, हळूहळू ओतायचे. पुस्तक न वाचता पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेलेले हे शास्त्र आहे आणि त्यातला प्रत्येक नियम भौतिकशास्त्राच्या कसोटीला उतरतो.

२२/
पण पाणी मिळाले म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. बसाल्टातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. असे जड पाणी तापले की क्षार वेगळे होऊन पांढऱ्या थराने बसतात. बंबाच्या आत धरणारी पापडी ती हीच. गोम अशी की उकळताना फक्त शुद्ध पाणी उडते, क्षार मागे राहतात आणि दर भरण्याला नवे क्षार येतात. महिन्याभरात रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या भिंतींवर थर चढतो. तो उष्णता अडवतो, गाडी अधिक उकळते, अधिक पाणी लागते, अधिक क्षार येतात. हे दुष्टचक्र कोरड्या मुलखात सर्वांत वेगाने फिरते.

२३/
यावर जुना उपाय धुण्याच्या सोड्याचा. सोडा घातलेले पाणी भरून इंजिन काही वेळ चालवायचे, ते काढून टाकून स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यायचे. लोखंडी इंजिनाला तो मानवे, पण ॲल्युमिनियमचे भाग तो खातो. त्याहून शहाणपणाचा उपाय पागोळ्यांच्या पाण्याचा. पावसाचे पाणी साठवून तेच रेडिएटरला वापरले तर थर धरत नाही.

२४/
आता उंची. जालन्याच्या ५०० मीटर उंचीवर पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. फरक क्षुल्लक भासतो, पण ज्या इंजिनाचे पाणी दुपारी ९५ अंशांवर खेळत आहे त्याच्यासाठी ते दोन अंश मोलाचे. यावर तोडगा निघाला तो दाबाच्या टोपणाचा, प्रेशर कुकरच्याच तत्त्वावर. दर चौरस इंचाला १ पौंड जादा दाब दिला की उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर सरकतो. ७ पौंडांचे टोपण लावले की पाणी ११० अंशांच्या जवळ जाऊनही शांत राहते. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अशी टोपणे रुळली आणि रस्त्याकडेला वाफ सोडत उभ्या गाड्यांचे दृश्य विरळ होऊ लागले.

२५/
दाबाच्या टोपणाने नकळत थर्मोस्टॅटचीही जात बदलली. भात्याच्या थर्मोस्टॅटवर बाहेरून दाब पडला की तो उशिरा उघडतो. मग पर्याय पुढे आला मेणाचा. १९३० च्या दशकात अमेरिकेतील सर्जियस व्हर्ने यांनी मेणाच्या गोळीवर चालणारा थर्मोस्टॅट विकसित केला. ठरलेल्या तापमानाला मेण वितळते, वितळताना फुगते आणि दांडा ढकलून झडप उघडते. बाहेरच्या दाबाला ते जुमानत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांतही हेच मेण काम करते.

२६/
१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. याच मोहिमेत जालनाही सैन्याने ताब्यात घेतले. विलिस जीप हे त्या काळातले सैन्याचे ओळखीचे वाहन. तिच्यात पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि चालकासमोर तापमानाचा काटा अशी तिन्ही साधने होती. याच वर्षी १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आकाराला आले. निजामी बसचा वारसा अशा रीतीने एसटीत मिसळला.

२७/
खासगी गाड्यांत मात्र जुने आणि नवे शेजारी शेजारी नांदत होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्यात १९५० च्या दशकाच्या आरंभी फियाट ५०० जुळवायला घेतली. ही चिमुकली गाडी अजूनही थर्मोसायफनवर चाले आणि तिचा रेडिएटर इंजिनाच्या मागे होता. तिच्यानंतर १९५४ पासून आलेली फियाट ११००, पुढची पद्मिनीची पूर्वज, पंपाची. एकाच कारखान्यात अवघ्या काही वर्षांत बंबाचे युग संपून पंपाचे युग सुरू झाले.

२८/
आणि इथे या कथेतला खरा वाद येतो. आपल्याकडे असंख्य गाड्यांमधून थर्मोस्टॅट काढून फेकला गेला. ‘गरम मुलखात याचे काय काम?’ हा मेस्त्रींचा सवाल. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. जड पाण्याने झडप जाम होत असे. जुना भाता फुटला तर बहुधा झडप उघडी राही आणि गाडी कशीबशी घरी येई, पण मेणाचा थर्मोस्टॅट बिघडला की पुष्कळदा झडप बंद राही आणि इंजिन जळे. परदेशी सुटे भाग दुर्मीळ आणि महाग. अशा स्थितीत तो काढून टाकणे हा गाडी वाटेत न अडकण्याचा व्यवहारी विमा होता.

२९/
पण विम्याचा हप्ता इंजिन भरत राहिले. जालन्यात डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर सुरू होणारे इंजिन थर्मोस्टॅटशिवाय मैलोन्‌मैल गारच धावते. बाजारात थोडे थोडे अंतर फिरणारी गाडी तर कधीच पुरती तापत नाही. तेल पातळ, पेट्रोल जास्त, सिलिंडर लवकर झिजलेले. ज्या इंजिनात गार पाण्यासाठी आतली आडवाट ठेवलेली असते आणि थर्मोस्टॅट उघडताना ती बंद करतो, तिथे तर उलटाच परिणाम होतो : थर्मोस्टॅट नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला टाळून परत इंजिनात जातो आणि उन्हाळ्यात गाडी अधिकच तापते. उकळीचा धोका डोळ्यांना दिसतो, थंडीची झीज दिसत नाही. न दिसणारे नुकसान नेहमीच कमी लेखले जाते.

३०/
१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याला पाण्याची किंमत पुन्हा शिकवली. २०१२-१३ मध्ये जालना शहराची तहान टँकरवर येऊन ठेपली. या पार्श्वभूमीवर मोटारीच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या प्रवासाकडे पाहिले तर एक गोष्ट लख्ख दिसते. ताशी घागरभर पाणी उडवणारे यंत्र हळूहळू असे झाले की तेच काही लिटर पाणी वर्षानुवर्षे फिरवत राहते. रेडिएटरने पाणी परत आणले, टोपणाने वाफ अडवली, थर्मोस्टॅटने तापमान राखले आणि गंजरोधक द्रवाने क्षारांचा प्रश्न मिटवला.

३१/
जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ‘व्हिंटेज’ अशी स्वतंत्र नोंदणी आणली आणि अशा गाड्यांचा रोजच्या वा व्यावसायिक वापरावर निर्बंध घातला. अशी गाडी सांभाळणाऱ्यांसाठी इतिहासाचे सांगणे थोडके आहे : क्षारविरहित पाणी, स्वच्छ रेडिएटर, मूळ ठरवलेल्या दाबाचेच टोपण आणि ज्या गाडीत कारखान्याने थर्मोस्टॅट दिला होता तिच्यात तो जागेवर. मुळात नसलेल्या गाडीत पाण्याची पातळी आणि तापमान यांवर डोळा, पूर्वीच्या चालकासारखा.

३२/
यंत्राच्या इतिहासात आपण बहुधा वेग आणि शक्ती यांचे आकडे पाठ करतो. पण १०० किलोमीटरला किती पेट्रोल लागते हे विचारण्याच्या कितीतरी आधी, या मुलखात माणसे विचारीत की वाटेत विहीर कुठे आहे. तो प्रश्न गाडीच्या बाबतीत मेणाच्या एका गोळीने आणि टोपणातल्या एका स्प्रिंगने सोडवला. एकदा भरलेले पाणी जपून, राखून, पुन्हा पुन्हा वापरायचे, एवढेच तिचे सूत्र. गावांच्या बाबतीत ते सूत्र अमलात यायचे अजून बाकी आहे.

#इतिहास #जालना #मराठवाडा #जुन्यामोटारी #विज्ञानाचाइतिहास